ताब्यापूर्वीची घरतपासणी आणि त्यानंतरचे दहा महिने

पुण्याच्या पश्चिम भागातील एका बारा मजली इमारतीत, सातव्या मजल्यावर, आम्ही दोन बेडरूमची सदनिका घेतली आणि ताबा घेण्यापूर्वी, म्हणजे फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, एका खासगी संस्थेकडून तिची तपासणी करून घेतली. अहवाल हाती आला त्याच आठवड्यात हा अभिप्राय लिहिता आला असता. परंतु एक उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा त्या घरात काढल्याशिवाय अहवालाची खरी किंमत कळणार नाही, असे वाटल्याने मी थांबले. आता डिसेंबर चालू आहे. त्या अहवालाने काय पकडले, त्यातून काय निसटले आणि तो पुढे कोणत्या कामी आला, हे आता अनुभवाने सांगता येते.

तपासणीचा दर चटई क्षेत्राच्या चौरस फुटाला ९ रुपये होता. करारनाम्यातील ७३० चौरस फुटांवर १८ टक्के जीएसटी धरून साधारण ७,७५० रुपये झाले. दुरुस्तीनंतरच्या फेरतपासणीचे ३,००० रुपये वेगळे दिले. दोन अभियंते सकाळी दहाला आले आणि साडेतीनपर्यंत थांबले. माझे वडील सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले ओव्हरसियर आहेत, तेही सोबत होते. ओळंबा, गुण्या आणि पाणसळ ही भिंतींचा सरळपणा, काटकोन आणि फरशीची पातळी पाहायची साधने घेऊन जे काम आपण स्वतः करू शकतो, त्यासाठी पैसे कशाला मोजायचे, असे त्यांचे म्हणणे होते. दिवसाअखेर त्यांनी ते म्हणणे अर्धे मागे घेतले आणि ते अर्धेच का मागे घेतले, हे मला जूनमध्ये कळले.

आधी अहवालाने पकडलेल्या गोष्टी सांगते. सर्वांत गंभीर गोष्ट पाण्याची निघाली. आमच्या इमारतीत सांडपाणी प्रकल्पातून शुद्ध केलेले पाणी फ्लशसाठी वेगळ्या नळवाहिनीतून येते. अभियंत्याने प्रत्येक नळाखाली टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे उपकरण, धरला. स्वयंपाकघर, बेसिन, शॉवर अशा सगळ्या ठिकाणी आकडा लिटरला १८० मिलिग्रॅमच्या आसपास येत होता, मात्र मोठ्या बाथरूममधील जेट स्प्रेचा आकडा ६०० च्या वर गेला. फ्लशच्या टाकीतील पाण्याचा आकडाही तेवढाच होता. म्हणजे ज्या पाण्याचा रोज अंगाशी संबंध येणार, ती जोडणी प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याच्या वाहिनीवर झाली होती. पाणी दिसायला स्वच्छ होते आणि त्याला वासही नव्हता. दोन-तीनशे रुपयांच्या उपकरणाने ही चूक उघड झाली, आणि आमच्या घरात लहान मूल असल्याने एवढ्या एका नोंदीसाठीही मी सगळे शुल्क आनंदाने दिले असते. ज्यांच्या इमारतीत अशा दोन वाहिन्या आहेत, त्यांनी बाकी काही केले नाही तरी प्रत्येक नळाचा आकडा फ्लशच्या पाण्याशी ताडून पाहावा.

विजेच्या बाबतीत तीन सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली होती आणि बेडरूममधील एसीच्या पॉइंटला अर्थिंगच पोहोचलेले नव्हते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच, उपकरणाने चाचणी घेतल्यावर योग्य रीतीने पडला. थर्मल कॅमेऱ्याने वितरण पेटीची छायाचित्रेही काढण्यात आली. येथे एक सूचना द्यावीशी वाटते. रिकाम्या घरात विजेवर काहीच चालू नसते, त्यामुळे सैल जोडणी तापण्याचा प्रश्नच येत नाही आणि कॅमेऱ्यातील चित्र निर्दोष दिसते. आम्हाला आदल्या दिवशी दूरध्वनीवरून इस्त्री आणि एक हीटर आणायला सांगितले होते, तो वापर अर्धा तास चालू ठेवून मगच छायाचित्रे घेतली गेली. तुमच्या तपासनिसाने हे सांगितले नाही, तर आपण होऊन विचारावे.

फरशी ठोकून पाहण्याचे काम तास-दीड तास चालले. हॉल आणि पॅसेजमध्ये मिळून ३१ टाइल्स पोकळ वाजल्या. त्या प्रत्येकीवर खडूने खूण करून नकाशा अहवालात जोडला होता. विकासकाच्या कंत्राटदाराने यांतील बहुतेक टाइल्स न बदलता सांध्यांतून पांढऱ्या सिमेंटचे पातळ मिश्रण सोडले, आणि फेरतपासणीत नऊ टाइल्स पुन्हा पोकळ निघाल्या. त्या नऊ मात्र उचकटून नव्याने बसवून घेतल्या. मे महिन्याच्या उन्हात आमच्याच मजल्यावरील एका शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये टाइल्सची एक रांग तंबूसारखी उचलली गेली. आमच्याकडे तसे काही झाले नाही, आणि याचे श्रेय मी पहिल्या भेटीपेक्षा फेरतपासणीला अधिक देते. खर्च वाचवायचा म्हणून अनेक जण दुसरी भेट टाळतात. माझ्या मते ती टाळू नये, कारण दुरुस्ती झाली असे सांगणे आणि ती झालेली असणे यांत किती अंतर असते, हे दुसऱ्या भेटीतच दिसते.

दोन्ही बाथरूम आणि ड्राय बाल्कनीत नहाणी ट्रॅप (पाणी वाहून जाण्याचे तोंड) बंद करून २४ तास पाणी साठवले होते. खालच्या सदनिकेची किल्ली साइट इंजिनिअरकडे असल्याने दुसऱ्या दिवशी खालून छत पाहता आले. बाथरूम कोरडे होते, ड्राय बाल्कनीतील पाइपाभोवती मात्र ओलीचे वर्तुळ उमटले होते. ते जलरोधक काम फोडून पुन्हा करण्यात आले आणि त्यानंतर आजतागायत तक्रार नाही. खालच्या घरात कोणी राहायला येण्यापूर्वी ही चाचणी उरकून घ्यावी, कारण नंतर तीच चाचणी करायला दुसऱ्याच्या घराची परवानगी लागते आणि संबंधही बिघडतात.

चटई क्षेत्र लेझरने मोजले असता ७२२ चौरस फूट भरले. रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या व्याख्येत आतल्या भिंतींची जागा धरली जाते आणि बाल्कनी वगळली जाते. महाराष्ट्रातील नमुना करारनाम्यात ३ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य धरलेला आहे, त्यामुळे आमचा फरक त्या मर्यादेत बसला.

आता निसटलेल्या गोष्टी. तपासणीच्या दिवशी वडील पश्चिमेकडील बेडरूमच्या खिडकीपाशी बराच वेळ उभे होते. पुण्यात पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, तेव्हा या खिडकीवर बाहेरून पाइपाने पाणी मारून पाहावे, असे त्यांनी सुचवले. अभियंता अतिशय नम्रपणे म्हणाला, “काका, ही चाचणी आमच्या कामाच्या व्याप्तीत नाही. भिंतीची आर्द्रता मीटरवर कोरडी दाखवते आहे.” मीटर खोटे सांगत नव्हता. फेब्रुवारीत भिंत कोरडीच होती. मी वेळेकडे पाहिले आणि विषय सोडून दिला. त्याच क्षणी मी आग्रह धरायला हवा होता, असे मला आजही वाटते.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सलग दोन दिवस वाऱ्यासह पाऊस झाला आणि त्या खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून गिलाव्यात ओल उतरली. जुलैअखेर रंगाचे पोपडे सुटले आणि आतून लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, दिसू लागला. ॲल्युमिनियमची चौकट आणि भिंत यांच्यामधील फटीत बाहेरच्या बाजूने सीलंट भरलेलेच नव्हते. आर्द्रता मोजणारे मीटर काय किंवा थर्मल कॅमेरा काय, दोघेही आज असलेली ओल दाखवतात, उद्या पाणी कोठून शिरेल हे दाखवत नाहीत. कॅमेऱ्याला तर पाणी दिसतच नाही, त्याला फक्त पृष्ठभागाच्या तापमानातील फरक दिसतो. कोरड्या ऋतूत केलेल्या तपासणीत पाऊस कृत्रिमरीत्या आणावा लागतो, आणि तो आणला नसेल तर अहवालातील ‘ओल आढळली नाही’ या वाक्याचा अर्थ फार मर्यादित राहतो. माझ्या अहवालात ही मर्यादा कोठेही लिहिलेली नव्हती, आणि या संस्थेविषयी माझी मुख्य तक्रार हीच आहे.

दुसरी गळती ऑगस्टमध्ये लहान बाथरूमच्या फॉल्स सीलिंगमधून आली. फेब्रुवारीत वरची सदनिका रिकामी होती. ऑगस्टमध्ये तेथे कुटुंब राहायला आले, पाणी वापरात आले आणि त्यांच्या सांडपाण्याच्या पाइपाची एक जोडणी ठिबकू लागली. ही त्रुटी तपासनिसाला तेव्हा दिसणे शक्य नव्हते, म्हणून तिचा दोष मी त्यांना देत नाही. मात्र फॉल्स सीलिंगला उघडझाप करता येणारी झडपच नव्हती, आणि ती करून घ्या, एवढी सूचना अहवालात सहज देता आली असती. आम्हाला गळतीचे मूळ शोधण्यासाठी जिप्समचा अख्खा भाग कापावा लागला.

अहवालाच्या मांडणीबद्दलही लिहायला हवे. त्यात एकूण ८४ नोंदी होत्या आणि त्यांतील माझ्या मते गंभीर म्हणाव्यात अशा जेमतेम ११ होत्या. बाकी खिडकीच्या कट्ट्यावरचे ओरखडे, रंगाच्या छटेतील फरक, दाराच्या कडीचा सैलपणा अशा होत्या. सर्व नोंदी खोलीनुसार लावलेल्या असल्याने अर्थिंग नसलेला सॉकेट आणि कपाटावरील रंगाचा डाग शेजारी शेजारी बसले होते. परिणाम असा झाला की, कंत्राटदाराने रंगाची कामे आधी उरकली आणि पंधरा दिवसांनी आम्हाला सांगितले की, ६० नोंदी पूर्ण झाल्या आहेत. तेव्हा जेट स्प्रेची जोडणी जशीच्या तशी होती. मग मी स्वतः बसून जीविताशी, पाण्याशी आणि विजेशी संबंधित नोंदींची वेगळी यादी केली आणि ती पूर्ण झाल्याशिवाय ताबा घेणार नाही, असे ईमेलने कळवले.

ताब्याच्या वेळी आमच्यासमोर ठेवलेल्या पत्रात सदनिका सुस्थितीत मिळाली असून कोणतीही तक्रार नाही, असे वाक्य होते. त्या वाक्यावर तशीच सही न करता उरलेल्या १४ नोंदींची स्नॅग लिस्ट, म्हणजे राहिलेल्या त्रुटींची यादी, सोबत जोडून, तिचा उल्लेख पत्रातच हाताने लिहून, दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या. घाईच्या त्या अर्ध्या तासात हे सुचणे कठीण असते, म्हणून मजकूर घरूनच लिहून न्यावा.

रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामाच्या रचनेत, कारागिरीत किंवा दर्जात दोष लक्षात आणून दिला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो, आणि तसे न झाल्यास ग्राहकाला भरपाई मागता येते. खिडकीच्या ओलीबद्दल मी याच कलमाचा हवाला देऊन पत्र पाठवले. विकासकाचे उत्तर आले की, तुम्ही ग्रिल बसवताना चौकटीला धक्का लागला आणि त्यामुळे गळती सुरू झाली. येथे फेब्रुवारीच्या अहवालाने मोठे काम केले. त्यात त्याच खिडकीचे, ग्रिल बसण्यापूर्वीचे, तारखेसह बाहेरून घेतलेले छायाचित्र होते, आणि मोठे करून पाहिल्यावर खालची फट सीलंटशिवाय स्पष्ट दिसत होती. छायाचित्र काढणाऱ्याच्या नजरेतून ती सुटली होती, पण चित्रात ती होती. ते जोडून दुसरे पत्र पाठवले आणि सप्टेंबरमध्ये दोरीवरून माणूस सोडून पश्चिमेकडील दोन्ही खिडक्या बाहेरून सीलबंद करून देण्यात आल्या. आतला गिलावा खरवडून, वाळवून, ऑक्टोबरअखेर रंग दिला.

पैसे वाया गेले का, असे मला अनेकांनी विचारले. माझे उत्तर नाही असे आहे. हीच सेवा मी पुन्हा घेईन, मात्र पुढच्या वेळी शुल्क देण्यापूर्वी व्याप्तीचा कागद मागेन, त्यात पावसाच्या बाजूच्या खिडक्यांवर पाण्याची चाचणी लिहून घेईन, नोंदी गांभीर्यानुसार लावून मागेन आणि प्रत्येक खिडकीचे, पाइपाचे, सांध्याचे जवळून घेतलेले छायाचित्र आग्रहाने मागेन. माझा मोठा भाऊ सध्या कोथरूडमध्ये पुनर्विक्रीचे जुने घर पाहतो आहे. त्याला मी ही तपासणी सुचवली आहे, पण तिच्याआधी सोसायटीकडून इमारतीच्या संरचनात्मक लेखापरीक्षणाचा अहवाल आणि गच्चीच्या दुरुस्तीचा इतिहास मागायला सांगितले आहे, कारण जुन्या इमारतीत एका सदनिकेच्या आत फिरून खांबांची आणि गच्चीची अवस्था कळत नाही.

आमच्या बाथरूमच्या छताला आता झडप बसवली आहे. वरच्या पाइपाची जोडणी बदलून तीन महिने झाले, खाली ठेवलेले भांडे कोरडे आहे. खिडकीखालच्या कोपऱ्यावर वडिलांनी पेन्सिलने जुन्या ओलीची सीमा आखून तारीख घातली आहे, आणि त्या रेषेवरून यंदा मी रंगाचा दुसरा हात दिलेला नाही.