कागदी हेल्मेट कडक करायला काय घ्यावं? फेव्हिकॉल, चपडा, पॉलिस्टर आणि एपॉक्सीची पारख

आधी निकाल. फ्लॅटमध्ये काम करणार असाल तर २:१ प्रमाणाचं (दोन भाग रेझिन, एक भाग हार्डनर) पातळ एपॉक्सी आणि आतून लावायला २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम भरणारं) विणलेलं काचकापड, ही जोडी घ्या. मोकळी गच्ची किंवा अंगण आहे आणि खर्च कमी ठेवायचाय, तर पॉलिस्टर रेझिन चालेल. पाण्यात कालवलेला फेव्हिकॉल मात्र कागदी हेल्मेटवर फिरवू नका, कितीही व्हिडिओंत दाखवलेला असला तरी. आणि या चारांतलं काहीही निवडलं तरी आतून टेकू दिल्याशिवाय ब्रश हातात घेऊ नका. हेल्मेट वाकडं होण्यात रेझिनपेक्षा या टेकूच्या अभावाचाच वाटा मोठा असतो.

इथे हेल्मेट म्हणजे पेपाकुराचं हेल्मेट. पेपाकुरा हा ‘पेपर क्राफ्ट’चाच जपानी उच्चारातला संक्षेप. जपानच्या तामा सॉफ्टवेअरचा ‘पेपाकुरा डिझायनर’ हा प्रोग्रॅम त्रिमितीय मॉडेल सपाट तुकड्यांत उलगडून देतो. ते तुकडे जाड कागदावर छापायचे, कापायचे, घड्या घालून जोडायचे. कॉस्प्लेची, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करण्यासाठीची, चिलखतं करणाऱ्यांनी हीच रीत उचलली, आणि मुंबई-पुण्याच्या कॉमिक कॉनला दिसणारी कितीतरी हेल्मेटं आतून कागदाचीच असतात.

वाकडं का होतं, ते साध्या हिशेबाने कळतं. मोठ्या माणसाच्या डोक्याच्या हेल्मेटचं पृष्ठफळ साधारण पाव चौरस मीटर. २२० जीएसएमचा कागद धरला तर टॅब (चिकटवायच्या पट्ट्या) सोडून नुसत्या कवचाचं वजन झालं ५५ ग्रॅम. बाहेरून आणि आतून रेझिनचा एकेक पातळ हात दिला तरी ६० ग्रॅम रेझिन लागतं. म्हणजे कागद भिजून मऊ झालेला असतो नेमक्या त्याच वेळी त्याच्यावरचा भार दुप्पट होतो. मग गाल बाहेर फाकतात, माथा बसतो, हनुवटीकडची कड पिळली जाते, आणि रेझिन त्याच अवस्थेत कडक होतं. पुरुलियाच्या छाऊ मुखवट्यांत कागदाचे थर मातीच्या साच्यावर चढतात आणि वाळेपर्यंत साचा आत असतो, म्हणून चेहरा बिघडत नाही. पेपाकुराच्या हेल्मेटला आत साचाच नसतो. त्याची जागा टेकूंनी भरून काढायची.

टेकूसाठी बांबूच्या काड्या (कबाबला वापरतात त्या) आणि हॉट ग्लू पुरतो. कानाच्या रेषेत एक आडवी, कपाळापासून मागपर्यंत एक, हनुवटीच्या कडेला दोन तिरप्या, आणि चेहऱ्याची खाच मोठी असेल तर तिच्यात वर-खाली एक उभी. मानेच्या उघड्या कडेला ५ मिमी सनबोर्डची रिंग कापून बसवा. रिंगचा आकार टेम्प्लेटवरून काढा. तयार कवच कागदावर ठेवून त्याची कड गिरवली तर असलेला वाकडेपणाही त्यात उतरतो. काड्या चिकटवण्याआधी चार मापं लिहून ठेवा: कान ते कान, पुढून मागे, आणि खालच्या कडेचे दोन कर्ण. दोन्ही कर्ण सारखे नसतील तर हेल्मेट जोडतानाच पिळलं आहे, आणि ते सुधारायची हीच शेवटची संधी. टेकू म्हणून थर्माकोल आत कोंबू नका. पॉलिस्टर रेझिनमधलं स्टायरीन हे द्रावक थर्माकोल विरघळवतं.

जोडही एकदा तपासा. ग्लू स्टिकने चिकटवलेले टॅब रेझिन लागताच सुटतात. प्रत्येक जोडावर आतून पातळ फेव्हिक्विकची रेघ ओढली की काम होतं, आणि त्यात पाणी नसल्यामुळे कागद फुगत नाही.

आता एकेक पर्याय.

फेव्हिकॉल स्वस्त आहे, वास नाही, हात धुतले की निघतो, म्हणून सगळे आधी त्याच्याकडे वळतात. अर्धं पाणी, अर्धा फेव्हिकॉल असं मिश्रण कागदावर फिरवलं की तंतू पाणी पितात आणि फुगतात. कागद सगळीकडे सारखा फुगत नाही. तंतूंच्या दिशेला कमी, आडव्या दिशेला जास्त. पेपाकुरात प्रत्येक तुकडा छापील पानावर वेगळ्या दिशेने मांडलेला असतो, त्यामुळे शेजारचे दोन त्रिकोण दोन वेगळ्या दिशांना ताणले जातात. वाळताना फेव्हिकॉल आकसतो आणि सपाट पृष्ठांना खळ्या पडतात. शिवाय तो उन्हात नरम पडतो आणि पावसाळी हवेत पुन्हा ओल धरतो. टॅब जोडायला, न पातळ केलेला, बोटाने पुसून पातळ थर दिलेला फेव्हिकॉल उत्तमच. कवच कडक करणं हे त्याचं काम नाही.

चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पातळ पापुद्र्यांचा, विचार कमी लोक करतात. १०० ग्रॅम चपडा ५०० मिली स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा, तळाशी मेण बसलं की वरचं निवळ घ्या. स्पिरिट पटकन उडतं, कागद फुगत नाही, अर्ध्या तासात दुसरा हात देता येतो. दोन हातांनी कागदाची लव बसते आणि दमट हवेची भीती कमी होते. पण याने येते ती ताठरता, बळ नव्हे. हेल्मेट हातातून पडलं तर कोपरा दबणारच. आणखी एक अडचण अशी की चपड्याने बंद झालेल्या कागदात रेझिन मुरत नाही आणि वर चढवलेली लांबी (पुट्टी) पापुद्र्यासारखी सुटू शकते. लहान मुलाच्या स्नेहसंमेलनापुरतं, थेट रंग मारायचं हेल्मेट असेल तर चपडा घ्या. आत काचकापड लावायचं असेल तर टाळा.

पॉलिस्टर रेझिनबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण ते स्वस्त आहे, फायबरचं सामान विकणाऱ्या दुकानात सुटं मिळतं, आणि सर्वांत जास्त अपघातही त्यातच होतात. आपल्याकडे बहुधा तीन बाटल्या देतात: रेझिन, सेट होण्याचा वेग वाढवणारं जांभळट कोबाल्ट आणि रेझिन सेट करणारं, पाण्यासारखं दिसणारं एमईकेपी. कोबाल्ट आणि एमईकेपी एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. आधी १०० ग्रॅम रेझिनमध्ये १ ग्रॅम कोबाल्ट पूर्ण ढवळा, रंग एकसारखा झाला की मगच दीड मिली एमईकेपी सिरिंजने मोजून घाला. मे महिन्यात एक मिली पुरे, डिसेंबरच्या थंडीत दोनपर्यंत जा. दुकानदाराने कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन दिलं असेल तर वेगळं घालू नका, विचारून घ्या. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून गॉगल हवाच. स्टायरीनच्या वाफेसाठी ऑर्गॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क लागतो. एन९५ धूळ अडवतो, वाफ अडवत नाही.

वाकडेपणाच्या बाबतीत पॉलिस्टरची एक बाजू खरोखर जमेची आहे. ते वीस ते तीस मिनिटांत गोठतं, म्हणजे कवच मऊ अवस्थेत फार वेळ राहत नाही. दुसरी बाजू म्हणजे सेट होताना ते घनफळात ५ ते १० टक्के आकसतं. एका बाजूला जाड थर दिला की तो कागदाला स्वतःकडे ओढतो. म्हणून ‘एकदाच भरपूर लावून टाकू’ हा मोह धरू नका. उलट फार पातळ हातही त्रास देतो. पातळ थरातलं स्टायरीन उडून जातं, हवेतला ऑक्सिजन वरचा पृष्ठभाग सेट होऊ देत नाही, आणि हेल्मेट दिवसेंदिवस चिकट राहतं. शेवटच्या हातात दुकानात मिळणारं वॅक्स सोल्युशन घातलं की हा चिकटा जातो. राहिलाच तर ॲसिटोनने पुसा. आतून ३०० जीएसएमच्या चॉप्ड मॅटचा (काचेच्या तुटक तंतूंच्या चटईचा) एकच थर द्या. मॅट ७५ ग्रॅम, तिला अडीचपट रेझिन, आणि सगळं मिळून हेल्मेट पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास राहतं. दोन थर दिले तर मानेला जाणवेल इतकं जड होतं.

एपॉक्सी महाग आहे, पण कमी आकसतं, स्टायरीनचा वास नाही, आणि कागदात छान मुरतं. मात्र कुठलं एपॉक्सी, हे पाहून घ्या. कंपोझिटच्या दुकानात एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर ही जोडी सर्रास मिळते, वजनाने १००:१०. ते मधासारखं दाट असतं, त्यामुळे पहिल्या हाताला कागदात नीट उतरत नाही. शिवाय ३० ग्रॅम रेझिनला ३ ग्रॅम हार्डनर लागतं. एक ग्रॅमपर्यंतच मोजणाऱ्या किचनच्या काट्यावर त्यात तिसऱ्या हिश्श्याची चूक होऊ शकते, आणि मग हेल्मेट कायमचं रबरासारखं राहतं. ०.१ ग्रॅमचा काटा नसेल तर आर्ट किंवा कोटिंगसाठीचं २:१ पातळ एपॉक्सी घ्या. प्रमाण वजनाचं आहे की मापाचं, हे बाटलीवर वाचा. जाड ओतकामाचं, ‘डीप कास्ट’ लिहिलेलं घेऊ नका. पातळ थरात ते दोन-दोन दिवस ओलं राहतं.

एपॉक्सीची उणी बाजू वेळ आहे. सहा-आठ तास कवच नरम असतं, त्यामुळे टेकूंची परीक्षा इथे पॉलिस्टरपेक्षा जास्त लागते. घाईने हार्डनर जास्त घालून ते लवकर सेट होत नाही, उलट बिघडतं.

काम असं करा. पहिल्या दिवशी बाहेरून ३० ग्रॅम मिश्रणाचा हात. तीन मिनिटं ढवळा, भांड्याच्या कडा खरवडत. लावून झालं की जुन्या एटीएम कार्डाने ओढून काढा. कागद गडद दिसला पाहिजे, चकाकता कामा नये. घड्यांच्या खाचांत साचलेलं रेझिन टिपून घ्या. हेल्मेट उलट्या बादलीवर, मानेच्या रिंगवर उभं ठेवा आणि चारही मापं पुन्हा घ्या. तीन मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर अजून ओलं असतानाच काडी हलवा.

दुसऱ्या दिवशी आतून. काचकापडाचे ५ बाय १० सेंमीचे तुकडे आधी कापून ठेवा. अख्खं कापड आत घालायला गेलात तर सुरकुत्या पडतात. एपॉक्सीबरोबर चॉप्ड मॅट वापरू नका. मॅटचे तंतू धरून ठेवणारा चिकटा स्टायरीनमध्ये विरघळतो, एपॉक्सीत नाही, म्हणून ती वळत नाही आणि पांढरी राहते. आतले तीक्ष्ण कोपरे आधी एपॉक्सीत टाल्कम पावडर कालवून केलेल्या दाट लगद्याने गोलसर भरा. नाहीतर कापड कोपऱ्यावर पुलासारखं ताणलं जातं, मागे पोकळी राहते, आणि बाहेरून घासताना नेमकं तिथेच भोक पडतं. माथ्यापासून सुरुवात करा आणि काड्यांभोवतीची जागा सोडा. तो थर कडक झाल्यावर तिसऱ्या दिवशी काड्या तोडा, राहिलेली जागा झाका, दुसरा थर चढवा. मानेची रिंग सर्वांत शेवटी निघते. दोन थरांना कापड १०० ग्रॅम आणि रेझिन ११० ग्रॅम लागतं. वाया जाणारं धरून एकूण २५० ग्रॅम रेझिन हाताशी ठेवा. तयार हेल्मेट लांबीआधी सव्वातीनशे ग्रॅमच्या जवळपास भरतं.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, सेट झालेल्या एपॉक्सीवर मेणासारखा थर येतो. हार्डनरमधलं अमाइन आणि हवेतला ओलावा, कार्बन डायऑक्साइड यांचा तो परिणाम. पुढचा थर त्यावर धरत नाही. कोमट पाणी आणि हिरवी घासणी यांनी तो निघतो. आधीच पॉलिश पेपर मारलात तर तो घासून आत बसतो.

बाहेरची लांबी म्हणजे गाडीला लावतात ती पॉलिस्टर पुट्टी, पापडासारखी पातळ. ८० नंबरचा पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं तर खड्डे पडतात. मग १२०, २२०, आणि बारीक छिद्रांना एनसी पुट्टी. काचेचा भाग उघडा पडला तर पाणी घेऊन घासा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

इतकं करूनही हेल्मेट थोडं वाकलंच तर एपॉक्सीत एक सोय आहे. घरच्या तापमानाला सेट झालेलं साधारण एपॉक्सी ५० ते ६० अंशांना नरम पडतं. फुगलेला गाल हेअर ड्रायरने गरम करा, मापावर दाबा, गार होईपर्यंत सुतळीने बांधून ठेवा. पॉलिस्टरला हे जमत नाही. तिथे आतून करवतीने चीर पाडायची, आकार ओढून घ्यायचा आणि चिरेवर मॅटची पट्टी द्यायची. एपॉक्सीच्या याच गुणामुळे तयार हेल्मेट उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. मे महिन्यात बंद गाडीतलं तापमान ६० अंशांपुढे जातं, आणि मागच्या सीटवर आडवं पडलेलं हेल्मेट संध्याकाळपर्यंत चपटं झालेलं असतं.