घरभेदी टी पेशी: थायमसमध्येच मारायच्या की बाहेर आवरायच्या?

टी पेशी म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यातल्या काही आपल्याच अवयवांवर उठणाऱ्या असतात, आणि अशा पेशी प्रत्येकाच्या शरीरात तयार होतात. त्यांचा बंदोबस्त दोन ठिकाणी होतो.

पहिलं ठिकाण छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी. इथे ‘एअर’ जनुकामुळे काही पेशी चक्क इन्सुलिन बनवतात, जे एरवी स्वादुपिंडाचं काम, आणि त्याचे तुकडे कोवळ्या टी पेशींपुढे धरतात. जी तुकड्याला घट्ट चिकटते, ती बहुधा तिथेच मरते. (काहींच्या मात्र पुढे नियामक पेशी होतात!) चाळण बारीक असली तरी काही निसटतातच.

निसटलेल्यांना बाहेर आवरतात त्या याच नियामक टी पेशी. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवून दिल्या. २०२५ चं नोबेल त्यांना मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासोबत मिळालं.

मला हा दुसरा पहारा जास्त मोलाचा वाटतो. एअर बिघडलं की संप्रेरकांच्या ग्रंथी एकेक करून निकामी होतात. नियामक पेशी घडवणारं ‘फॉक्सपी३’ जनुक बिघडलं, तर तान्ह्या मुलाला जुलाब, इसब आणि मधुमेह एकदमच गाठतात. उपचारांविना ते बहुधा वाचत नाही. शिवाय या पेशी रक्तातून काढून, प्रयोगशाळेत वाढवून रुग्णाला परत देण्याच्या चाचण्याही सुरू आहेत.