डन्स्ट वापरून बघा, पण अवतरणचिन्हं विसरू नका

लिनक्सवर आयथ्री (स्क्रीनवर खिडक्या मांडणारा विंडो मॅनेजर) वापरायला लागलो तेव्हा नोटिफिकेशनसाठी डन्स्ट, म्हणजे नोटिफिकेशनचे डबे स्क्रीनवर दाखवणारा छोटा प्रोग्राम, टाकलं, आणि आता दुसरं काही नकोच वाटतं. सेटिंगची खिडकी वगैरे काही नाही, सगळा कारभार कॉन्फिग फोल्डरमधल्या डन्स्टआरसी नावाच्या एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. फॉन्ट, चौकटीचा रंग, कोपऱ्यांची गोलाई, डबा स्क्रीनवर कुठे यायचा, सगळं तिथेच लिहायचं. नोटिफिकेशन किती तातडीचं यानुसार लो, नॉर्मल, क्रिटिकल असे तीन विभाग असतात, प्रत्येकाला वेगळा रंग न वेगळा टाइमआउट (किती वेळाने डबा आपोआप जायचा ते) देता येतो, मी क्रिटिकलला 0 ठेवलाय म्हणजे बॅटरी संपत आली की तो लाल डबा मी हात लावेपर्यंत हलतच नाही.

रंगाचा कोड मात्र अवतरणचिन्हात टाका बरं का, नाहीतर हॅशच्या (#) पुढचं सगळं कमेंट समजून सोडून दिलं जातं, माझी अख्खी संध्याकाळ यातच गेली, आणि चूक माझीच.

खरी मजा रूल्समध्ये, म्हणजे ठरावीक नोटिफिकेशनसाठी त्याच फाइलमध्ये लिहायच्या नियमांमध्ये आहे. अ‍ॅपचं नाव देऊन स्किप डिस्प्ले (डबा दाखवू नको) ट्रू केलं की म्युझिक प्लेयरचं दर गाण्याला टुणकन उडी मारणं बंद, मेसेज गुपचूप हिस्टरीत जातो, नंतर डन्स्टसीटीएल या डन्स्टच्या कमांडने परत काढता येतो. मीटिंगला बसताना डन्स्ट पॉज करायचं, उठल्यावर साठलेले सगळे एकदम येतात (हे जरा अंगावर येतं म्हणा).

माऊसनेच सगळं करायची सवय असेल तर वैताग येईल. मला तर आवडलंय.