गणपत गल्लीजवळचं बिनपाटीचं पेनदुकान : आजोबांच्या पार्करमधली शाई निघाली, जवळजवळ सगळी

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच, त्याचा राग अजून गेलेला नाही माझा.

दुकानाला पाटी नाही त्यामुळे नाव विचारू नका, बेळगावात गणपत गल्लीकडून आत वळलं की एक घड्याळ दुरुस्तीचं टपरीवजा दुकान आहे, तिथं काचेच्या कपाटात घड्याळांपेक्षा पेनंच जास्त दिसतात. सगळे त्यांना पेनवाले काका म्हणतात. समोर कन्नड बोलणारं गिऱ्हाईक असलं की कन्नड, मराठी असलं की मराठी, आणि दोघं एकदम आले की काय बोलतात ते दोघांनाही कळतं.

पेन आजोबांचं. पार्कर ५१, राखाडी, स्टीलची टोपी. आजोबा खानापूर तालुक्यात मराठी शाळेत मास्तर होते आणि पेपर तपासायची लाल शाई ह्याच पेनात भरायचे. रिटायर झाल्यावर बाबांनी ते घेतलं आणि न धुताच त्यात ब्लू-ब्लॅक घातली, मग बॉलपेन आले, आणि हे आपलं कपाटात पडलं ते वीसेक वर्षं. मला सापडलं तेव्हा निबच्या वरच्या हुडला जांभळट कड धरलेली, आणि मागचा भाग उघडून आतली शाईची पिशवी बघितली तर डाळिंबाच्या रंगाची.

मी आधी घरीच बघितलं करून. कोमट पाण्यात रात्रभर ठेवलं, सकाळी वाटीत पिक्चरमधल्या खुनासारखं दृश्य. पाणी बदललं, परत लाल, परत बदललं, आणि आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही त्यामुळे आठव्यांदा बदलताना आई जे बोलली ते इथं लिहिता येत नाही. मग मैत्रिणीनं सुचवलं नेलपॉलिश रिमूव्हर लाव. बाटली हातात घेतली पण होती, आणि का कोण जाणे थांबले. नंतर काकांना सांगितलं तर त्यांनी कपाळालाच हात लावला. ह्या पेनाची बॉडी लुसाइटची म्हणजे अ‍ॅक्रिलिकची असते, रिमूव्हरमधल्या अ‍ॅसिटोननं ती विरघळते, आणि स्पिरिट लावलं तरी बारीक चिरा पडू शकतात. म्हणजे डाग गेला असता, सोबत पेनही गेलं असतं.

काकांनी पेन हातात घेतल्या घेतल्या पहिला प्रश्न, हिरो तर नव्हे? कारण हिरो ६१६ हे चिनी पेन लांबून अगदी असंच दिसतं आणि लोक तेच पार्कर म्हणून घेऊन येतात. मग मागचं टोक फिरवून पिशवीवरची धातूची नळी बघितली आणि म्हणाले, "अस्सल आहे पोरी. एकेचाळीसला आलं हे मॉडेल, पण ही दाबायची पिशवी अठ्ठेचाळीसनंतरची." ५१ हे नाव कशावरून ते पण सांगितलं, कंपनी १८८८ ची, पेन तयार झालं १९३९ ला, एक्कावन्नावं वर्ष. मी पेन साफ करायला गेलेले, इतिहासाचा तास फुकट मिळाला.

मग दुसरा प्रश्न, शाई कुठली? इथं मला माणूस आवडला. बाकी ज्यांना ज्यांना मी विचारलं त्यांनी सरळ उपाय सांगितला, ह्यांनी आधी शाई विचारली. त्यांचं म्हणणं असं की साध्या रंगाची शाई अमोनियाच्या पाण्यानं सुटते, एक भाग अमोनिया, दहा भाग पाणी, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब. पण काही जुन्या ब्लू-ब्लॅकमध्ये लोखंड असतं, ती आत गंजासारखी बसते, तिला अमोनिया काही करत नाही, तिथं आंबट लागतं, म्हणजे व्हिटॅमिन सी. मी म्हटलं मेडिकलमधल्या संत्र्याच्या गोळ्या चालतील काय, तर म्हणाले त्यात साखर आणि रंग असतो, पेन गोड करायचं आहे काय तुला? साधी पावडर लागते, तीही थोडाच वेळ, कारण धातूला आंबट जास्त वेळ बरं नव्हे. आणि ब्लीच? "लालला ब्लीचच लागतं, पण आत धातूची नळी आहे, मी नाही घालणार. आणि अमोनिया नि ब्लीच एकत्र तर कधीच नको, विषारी वायू होतो." हे वाक्य दोनदा म्हणाले, म्हणून मीही इथं लिहितेय.

काम त्यांनी माझ्यासमोर थोडं सुरू केलं. हुड लाखेनं चिकटवलेला असतो, हेअर ड्रायरनं हळूहळू गरम करून फिरवून काढला, आतला पंखा पंखा असलेला भाग दिसला त्याच्या खाचांमध्ये वाळलेली शाई कुंकवासारखी बसलेली. तो जुन्या टूथब्रशनं घासला. पिशवी मात्र काढली नाही, म्हणाले ह्या पिशव्या सत्तर वर्षांनीही मऊ असतात, नवीन बसवली तर ती तेवढी टिकेल ह्याची गॅरंटी कोण देणार. पट्टी दाबायची, पाणी ओढायचं, सोडायचं, परत. मी सारखी विचारत होते झालं काय, झालं काय. "बघूलालोय की, थांब जरा."

थांबले. चार दिवस सांगितलेले, तीन आठवडे लागले. फोन उचलत नाहीत, एका मंगळवारी टिळकवाडीतून मुद्दाम गेले तर शटर बंद. घाई असेल तर जाऊच नका.

पेन मिळालं ते मात्र बघण्यासारखं. हुडवरची जांभळी कड गेली, निब चकचकीत, कागदावर टेकवताच चालतंय. पिशवी गुलाबी राहिली थोडी, ती काकांनी मुद्दाम सोडली, शाई व्यवस्थित येतेय आणि पिशवी झाकलेलीच असते मग कशाला छळायचं तिला, आणि मला ते पटलं. पुढं लाल भरू नकोस, कॅमलिनची रॉयल ब्लू घाल आणि दोनतीन भरण्यांनंतर साध्या पाण्यानं धू, एवढंच पथ्य.

आता तो कापलेला स्टार. टोपी. ह्या पेनाची स्टीलची टोपी चकचकीत नसते, तिला बारीक रेघांचा मंद मॅट पोत असतो, तीच तिची शान. दुकानातल्या पोरानं कौतुकानं पॉलिश लावून एक पट्टा आरशासारखा करून ठेवला. काकांनी बघितलं, पोराकडे बघितलं, आणि अडीचशेतले पन्नास कमी केले. पन्नासनं पोत परत येत नाही, पण निदान नाही म्हणाले नाहीत. तुम्ही दिलंत तर टोपी घरीच ठेवा, नुसतं पेन द्या.

मी आधीच ठरवल्याप्रमाणे पाव किलो कुंदा नेलेला. काकांना शुगर, त्यांनी हात लावला नाही. सगळा त्या पोरानंच खाल्ला.