जुन्या स्प्लेंडरला टेन-थर्टी की ट्वेंटी-फॉर्टी?

घरात जुनी स्प्लेंडर प्लस असली की ऑइल बदलायच्या दिवशी हा प्रश्न ठरलेला. पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं (पुढचा आकडा थंड ऑइलच्या जाडीचा, मागचा तापलेल्या; आकडा मोठा तेवढं ऑइल जाड) आणि गॅरेजवाले आपल्याला विचारायच्या आत २०डब्ल्यू-४० ची बाटली उघडून मोकळे होतात. 'गाडी जुनी झाली, आता जाडच टाकायचं' हे त्यांचं मत, आणि ते बिनबुडाचं नाही. मी दोन्ही ऑइलं भरपूर वापरली आहेत, मधे काही काळ सेमी-सिंथेटिकही टाकलं. माझं मन एकाच बाजूला झुकलं आहे. तुमचं दुसऱ्या बाजूला झुकू शकतं, आणि त्यालाही तशीच सबळ कारणं असतील.

माझी गाडी हिरो आणि होंडा एकत्र होते तेव्हाची, म्हणजे २०११ च्या आधीची. इंजिन अजून उघडलेलं नाही, बोअर-पिस्टन मूळचेच आहेत. रोजचा रस्ता नाशिकमधला, पंचवटीतून सातपूर एमआयडीसी, आणि बहुतेक वेळा पहिली पाळी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण न उघडलेलं इंजिन आणि नाशिकची सकाळ या दोन गोष्टींचा पुढच्या निकालात मोठा वाटा आहे. पॅशन किंवा सीडी डिलक्सवाल्यांना यातलं बहुतेक लागू पडेल, इंजिनाचं घराणं तेच, ९७.२ सीसीचं. पल्सरवाल्यांनी मात्र यावरून काही ठरवू नये. तिथे बहुतेक मॉडेलांना कंपनी स्वतःच २०डब्ल्यू-५० सांगते, त्यामुळे हा वादच उद्भवत नाही.

आधी ट्वेंटी-फॉर्टीच्या बाजूने बोलतो, कारण उन्हाळ्यात तिचं पारडं खरोखर जड असतं. मे महिन्यात चांदवड-मालेगावकडे दुपारी गाडी काढायची, मागे माणूस, पुढे सामान. अशा वेळी टेन-थर्टीवर तासाभरात टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरच्या फटीतली, टिकटिक वर येते, टायमिंग चेनचाही आवाज थोडा जास्त जाणवतो. ट्वेंटी-फॉर्टीवर तीच गाडी, तोच रस्ता, पण इंजिन शांत असतं. हा सगळा कानाचा हिशेब आहे, पण वर्षानुवर्षं एकाच गाडीवर बसणाऱ्याच्या कानावर मी विश्वास ठेवतो. त्याला कारणही आहे. १०० अंश सेल्सिअसला तीसच्या ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (ऑइलच्या जाडीचं माप) इतकं जाड असतं, चाळीसचं १२.५ ते १६.३. झिजलेल्या भागांमधली फट जरा वाढलेली असते, तिथे जाड ऑइलचा थर टिकून राहतो आणि धातूचा आवाज दबतो.

दुसरा मुद्दा ऑइल खाण्याचा. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, व्हॉल्व्हचे सील कडक झाले की पातळ ऑइल लवकर वर चढतं आणि जळतं. स्प्लेंडरमध्ये ऑइल मुळातच एक लिटरच्या आत मावतं, त्यातलं दोनशे मिली गेलं तर जवळजवळ पाव हिस्सा गेला. म्हणून सकाळी पहिल्या किकला सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर पुढचं फार वाचायची गरज नाही. ट्वेंटी-फॉर्टीच टाका, डिपस्टिकवर (ऑइलची पातळी दाखवणाऱ्या काडीवर) लक्ष ठेवा आणि इंजिनाच्या कामासाठी पैसे बाजूला ठेवायला लागा.

माझी गाडी ऑइल खात नाही. मग राहिला फक्त आवाज, आणि तेवढ्यावर मी ट्वेंटी-फॉर्टीवर आनंदाने राहिलोही असतो. पण हिवाळा आला की एका गोष्टीने अक्षरशः डोकं उठायचं.

ती गोष्ट म्हणजे न्यूट्रल. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे, पंजाने टाकायचे, आणि न्यूट्रल पहिल्याच्या मागे, टाचेने. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्याच्या मधे न्यूट्रल शोधत बसायची भानगड या गाडीत नाही. सरळ टाच मारायची, हिरवा दिवा लागतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे तर त्याहून बराच खाली. अशा सकाळी ट्वेंटी-फॉर्टी भरलेली गाडी सुरू करून पहिला टाकला की खाडकन आवाज यायचा आणि क्लच पूर्ण दाबलेला असतानाही गाडी हातभर पुढे सरकायची. त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला थांबलो की टाच मारतोय, मारतोय, आणि गिअरचं लिव्हर दगडासारखं घट्ट. गाडी पहिल्यातून बाहेरच यायची नाही. क्लच किंचित सोडायचा, पुन्हा दाबायचा, गाडी जरा पुढे-मागे हलवायची, मग कुठे दिवा लागायचा, तोवर सिग्नल सुटलेला असायचा. हातमोज्यातल्या बोटांना क्लच धरून कळ लागायची ती वेगळी. चार-पाच किलोमीटर गेल्यावर इंजिन तापलं की सगळं सुरळीत, जणू काही झालंच नव्हतं.

क्लचची केबल बघून झाली. क्लच लिव्हरच्या टोकाला दहा ते वीस मिलिमीटर फ्री-प्ले, म्हणजे मोकळा खेळ, हवा, तो बरोबर होता. क्लचच्या प्लेटा बघून झाल्या, त्याही ठीक. मग टेन-थर्टी टाकलं आणि पहिल्याच थंड सकाळी फरक पायाला कळला. पहिला टाकताना आवाज येतो, पण गाडी उडी घेत नाही. सिग्नलला टाच मारली की बहुतेक वेळा पहिल्या झटक्यात दिवा. दर वेळी असं म्हणणार नाही, गाडी शेवटी जुनीच आहे. पण रोजची कटकट गेली, आणि माझ्यासाठी निकाल तिथेच लागला.

कारण समजून घेतलं तर पटतं. आपल्याकडे बर्फ पडत नाही, त्यामुळे डब्ल्यूच्या आधीच्या आकड्याला काही अर्थ नाही, असं सर्रास म्हटलं जातं. गाडी सुरू होण्यापुरतं ते बरंचसं खरं आहे, स्प्लेंडर दोन्ही ऑइलांवर किकला उठते. पण या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलात बुडालेले असतात. क्लच दाबला की प्लेटा एकमेकींपासून सुटायला हव्यात, आणि त्यांच्यामधलं थंड, जाड ऑइल त्यांना सुटू देत नाही. एक प्लेट दुसरीला ओढत राहते, ती ओढ गिअरपर्यंत पोचते, आणि ताणाखाली अडकलेला गिअर टाचेने निघत नाही. तापल्यावर तीस आणि चाळीस यांत जेवढा फरक राहतो, त्याच्या कितीतरी पट फरक सकाळच्या गारठ्यात असतो. दुकानात सगळी चर्चा मागच्या आकड्यावर, तीस की चाळीस यावर चालते. मला रोज त्रास देत होता तो पुढचा आकडा.

तुम्ही मुंबईत, कोकणात किंवा चंद्रपूरला असाल तर हा त्रास तुम्हाला बहुधा जाणवणारच नाही, किंवा वर्षातले चार दिवस जाणवेल. तिथे ट्वेंटी-फॉर्टी टाकणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. उन्हाळ्यात ट्वेंटी-फॉर्टी आणि दिवाळीनंतर टेन-थर्टी असं आलटून-पालटून करणारेही माझ्या ओळखीत आहेत. त्यालाही हरकत नाही, दोन्ही मिनरल (साधी, सिंथेटिक नसलेली) असली की थोडंफार मिसळल्याने काही बिघडत नाही.

मग दोन्हींचं चांगलं एकत्र का करू नये, १०डब्ल्यू-४० सेमी-सिंथेटिक का नको? मला ते आवडलं. सकाळी टेन-थर्टीइतकंच मोकळं, दुपारी जवळजवळ ट्वेंटी-फॉर्टीइतकं शांत. नव्या ऑइलाचे पहिले काही आठवडे गिअर लोण्यासारखे पडतात. अडचण दोन ठिकाणी आली. दहापासून चाळीसपर्यंतचा मोठा पल्ला गाठायला ऑइलात पॉलिमर घालावे लागतात, आणि गिअरचे दाते ते पॉलिमर कातरत जातात. नुसत्या इंजिनात हे हळू होतं, गिअरबॉक्सबरोबर राहणाऱ्या ऑइलात लवकर. चाळीसचं ऑइल असं कातरलं जाऊन तीसच्या पट्ट्यात उतरलं की जास्तीचे पैसे कशासाठी दिले, असा प्रश्न पडतो. चांगल्या बनावटीचं ऑइल जास्त टिकतं हे खरं, पण माझ्या गाडीत बदलण्याची वेळ यायच्या आत ती मऊ चाल ओसरलेली असायची.

दुसरी अडचण या इंजिनाच्या घडणीत आहे. यात बदलायचा कागदी फिल्टर नाही. खाली जाळी आणि क्रँकच्या टोकाला फिरणारा फिल्टर, जो कचरा भिंतीकडे फेकून तिथे जमवतो. तो साफ करायचा तर उजव्या बाजूचं क्लच कव्हर काढावं लागतं, गॅस्केट नवं लागतं, म्हणून बहुतेक गॅरेजांत ते राहूनच जातं. बारीक काजळी आणि झिजेची भुकटी ऑइलातच फिरत राहते आणि ऑइलाबरोबरच बाहेर पडते. अशा इंजिनाला महाग ऑइल टाकून ते लांबवण्यापेक्षा साधं मिनरल टाकून दोन-अडीच हजार किलोमीटरला बदलणं मला जास्त पटतं. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर एकदा ते कव्हर उघडून फिल्टर नक्की साफ करून घ्या. आत वाळलेल्या चिखलासारखा काळा थर निघाला तर तो पाहूनच पुढचं ऑइल वेळेवर बदलाल.

सिंथेटिकने जुनी गाडी गळायला लागते, हे मी ऐकतो तेवढं खरं मानत नाही. सील आधीच गेलेला असतो, वर साचलेल्या मळाने गळती थोपलेली असते आणि नवं ऑइल तो मळ धुऊन काढतं, एवढंच. तरीही पंधरा-वीस वर्षांच्या गाडीला ती परीक्षा द्यायला लावण्यात मला फायदा दिसत नाही.

ॲव्हरेजबद्दल फार आशा ठेवू नका. टेन-थर्टीवर टाकी थोडी जास्त चालते असं मला वाटतं, पण हवा, चेन आणि कार्ब्युरेटरचा फरक त्याहून मोठा असतो.

खरेदी करताना ग्रेडइतकंच बाटलीवरचं जासो एमए किंवा एमए२ बघा. हा जपानी मानकाचा शिक्का ओल्या, म्हणजे ऑइलात बुडालेल्या, क्लचसाठी आहे. घरात कारचं ऑइल उरलंय म्हणून ते ओतायचा मोह टाळा. कारच्या पातळ ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात, त्याने प्लेटा घसरतात आणि चढावर इंजिन ओरडतं पण गाडी पुढे जात नाही. इंडियन ऑइलचं सर्व्हो, एचपीचं रेसर, कॅस्ट्रॉलचं ॲक्टिव्ह किंवा कंपनीच्या नावाची बाटली, जे ओळखीच्या दुकानात खात्रीने असली मिळेल ते घ्या. ड्रममधलं सुटं ऑइल नको. बदलून झालं की रिकाम्या बाटलीला स्क्रू-ड्रायव्हरने भोक पाडा, म्हणजे तीच बाटली पुन्हा भरून कोणाच्या गळ्यात पडणार नाही.

ट्वेंटी-फॉर्टीवरून टेन-थर्टीकडे येणार असाल तर जुनं ऑइल गरम असताना काढा आणि नीट निथळू द्या. कोपऱ्यात थोडं तरी राहतंच, म्हणून पहिली बाटली हजारभर किलोमीटरलाच बदलली तर उत्तम. ड्रेन नटाचा वॉशर नवा टाका आणि नट जोर लावून पिळू नका, ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की खर्च वाढतो. मग काही आठवडे दर रविवारी डिपस्टिक बघा: गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन थोडं चालवून बंद केलेलं, दोन-तीन मिनिटं थांबून, काडी पुसून, आटे न फिरवता नुसती टेकवून. हजार किलोमीटरमध्ये पातळी वरच्या खुणेवरून खालच्या खुणेकडे गेली, तर तुमच्या इंजिनाला ट्वेंटी-फॉर्टीच हवं. पातळी जागेवर राहिली, तर टेन-थर्टीवर एक हिवाळा काढून बघा.