नोट्समधल्या लिंका तपासणारं प्लगिन: चांगलंय, पण डोळे झाकून ऐकू नका
सहा वर्षांच्या नोट्स साठल्यात, त्यातल्या किती लिंका जिवंत आहेत बघावं म्हणून हे टाकलं आणि पहिल्याच स्कॅनला लाल रंगाची ही लांबलचक यादी. घाबरलोच. नीट बघितलं तर ४०४ (पान सापडलं नाही) असा कोड देणाऱ्या खरंच गेलेल्या, पण ४०३ (प्रवेश नाही) आणि ४२९ (फार वेळा विचारलंत) वाल्या ब्राउझरमध्ये आरामात उघडतात, साइट फक्त बॉटला, म्हणजे आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रामला, दारातून हाकलते आणि हे येडं त्यांनाही मेलेलं धरतं. उलट एका विकल्या गेलेल्या डोमेनवर आता जुगाराची जाहिरात आहे, ते २०० (सगळं ठीक) देतं म्हणून हिरवं! आतल्या, म्हणजे एका नोटमधून दुसऱ्या नोटकडे जाणाऱ्या लिंकांना मात्र भारी, नोटचं नाव बदलल्यावर काय काय तुटलं ते ओळ नंबरासकट दाखवतं. मेलेल्या बऱ्याच वेबॅक मशीनवर (जुनी वेबपानं जपून ठेवणारी साइट) सापडल्या, पण एकेक हाताने शोधून, तेवढं एक बटण द्या की राव.