चाळिशीनंतरची असह्य पाळी: हार्मोनची तांबी की पिशवी काढणं?

दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, मोठ्या गुठळ्या पडतात, सात दिवस उलटले तरी अंगावरून जाणं थांबत नाही. चाळिशीत हे सुरू झालं की दोन सल्ले हमखास मिळतात: ‘पाळी जायची वेळ आली, थोडं सोसा’ किंवा ‘काढून टाका एकदाची पिशवी’. कारण मात्र कुणी विचारत नाही, आणि उपाय तर कारणावरच ठरतो.

पाळी जाण्याआधीच्या वर्षांत दर महिन्याला स्त्रीबीज बाहेर पडतंच असं नाही. ते पडलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही आणि इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं. मग तारीख पुढे जाते आणि आलेली पाळी धो-धो जाते. तारखा नियमित असूनही रक्तस्राव वाढला असेल, तर फायब्रॉइड (गर्भाशयातली कॅन्सर नसलेली गाठ) किंवा अ‍ॅडिनोमायोसिसची शंका घ्यावी. फायब्रॉइडची गाठ केवढी आहे यापेक्षा कुठे आहे हे बघा. गर्भाशयाच्या पोकळीत शिरलेली छोटी गाठ बाहेरच्या मोठ्या गाठीपेक्षा जास्त रक्त घालवू शकते. अ‍ॅडिनोमायोसिसमध्ये अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरतं. दुखणं त्यात बऱ्याचदा फार असतं. पॉलिप (अस्तरावर वाढलेला कोंब), थायरॉईड, रक्त पातळ करणारी औषधं हीही कारणं असतात. म्हणून आधी सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी). आणि वय ४५ च्या पुढे असेल तर अस्तराची बायोप्सी, कारण कॅन्सर नाही याची खात्री हवीच.

गोळ्यांपासून सुरुवात करायला हरकत नाही. ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड फक्त रक्तस्रावाच्या दिवसांत घ्यायचं असतं आणि रक्त जवळपास निम्म्यावर येऊ शकतं. पूर्वी शिरेत गुठळी झाली असेल तर मात्र ते चालत नाही. मेफेनामिक अ‍ॅसिडने रक्त थोडं कमी होतं, दुखणं बरंच.

एवढ्याने भागलं नाही की खरा प्रश्न समोर येतो. हार्मोनची, म्हणजे ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेलची (हे प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन) तांबी काही मिनिटांत बसते, साधारण पाच वर्षं काम करते, नको झाली तर काढता येते. ती अस्तर पातळ ठेवते, त्यामुळे रक्तस्राव खूप घटतो. काहींची पाळी बंदच होते. अ‍ॅडिनोमायोसिसच्या दुखण्यावरही तिचा चांगला उपयोग होतो. (साध्या तांब्याच्या तांबीने रक्तस्राव उलट वाढतो, हे नीट विचारून घ्या.) पण पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडत राहतात, आणि ‘ही मला मानवत नाही’ म्हणून अनेकजणी नेमकी त्याच काळात ती काढून टाकतात. गाठींमुळे पोकळी वेडीवाकडी झाली असेल तर तांबी निसटू शकते. स्तनाचा कॅन्सर झालेल्यांनी ती बसवू नये.

पिशवी काढली की पाळीचा प्रश्न कायमचा मिटतो, हे तिचं मोठं बळ. पण भूल, शस्त्रक्रियेचे धोके आणि पूर्ववत व्हायला लागणारे सहा-आठ आठवडे हेही हिशेबात धरा. बीजकोश ठेवणार का, हे आधीच स्पष्ट विचारा. ते काढले तर रजोनिवृत्ती एकाएकी येते आणि हाडांवर, हृदयावर परिणाम होतो. ठेवले तरी ती थोडी लवकर येऊ शकते.

माझं मत स्पष्ट आहे: बायोप्सी स्वच्छ असेल आणि पोकळी सरळ असेल, तर आधी तांबी, आणि तिला सहा महिने द्या. मोठ्या गाठी असतील किंवा तांबीनंतरही अ‍ॅडिनोमायोसिस छळत असेल, तर पिशवी काढण्याचा निर्णय घेताना अपराधी वाटून घेऊ नका. मधला मार्ग म्हणजे अस्तर जाळणं. पण त्यानंतर गर्भ राहिला तर ते धोक्याचं असतं, म्हणून गर्भनिरोधक वापरावंच लागतं. स्नायूत खोल गेलेल्या अ‍ॅडिनोमायोसिसवर त्याचा भरवसा कमी.

काहीही निवडा, फेरिटिन ३० च्या खाली असेल तर डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या आजच सुरू करा. हिमोग्लोबिन बरं दिसत असतानाही जिना चढताना लागणारी धाप लोहाच्या कमतरतेची असू शकते.